भर शर्यतीतला सत्कार

सणसर मागे पडलं तेव्हा कोच सरांची गाडी माझ्या सायकलशेजारी आली. मी पुन्हा तेच विचारलं, "सर, आज स्प्रिंट मला मारू द्या ना."

"आज प्राजक्ताच. पुढच्या सीझनला तुला लावायचं का, ते रेस संपल्यावर बघू," सर म्हणाले. "अंथुर्णं तुझं ना? गावातून पुढे हो."

ही बारामती ते इंदापूर रोड रेस. ट्रॅक असो की रस्ता, टीममध्ये माझं काम लीड-आउटचं. म्हणजे शेवटी समोरचा वारा आपण अंगावर घ्यायचा, मागे चिकटलेल्या स्प्रिंटरला आडोसा द्यायचा, आणि दम संपला की बाजूला व्हायचं. मग ती जिंकते आणि फोटो तिचा येतो. आमची स्प्रिंटर कऱ्हाटीची प्राजक्ता. ती माझ्यापेक्षा वेगवान आहे, मान्य. मान्य केल्याने जळफळाट कमी होत नाही.

आमच्यात एक रीत आहे. वाटेत एखादीचं गाव लागलं की बाकीच्या वेग आवरतात आणि तिला एकटीला पुढे सोडतात. गावकऱ्यांनी टाळ्या वाजवायच्या, तिने हात हलवायचा, गाव संपलं की रेस पुन्हा सुरू. मागच्या एका रेसला कऱ्हाटीत प्राजक्तासाठी हलगी वाजली होती. म्हणून मी माझ्या चुलत्यांना, तात्यांना, फोन करून सांगितलं होतं, जरा जोरात करा.

तात्यांनी अर्ध्या रस्त्यावर ट्रॅक्टर लावला होता. पुढे खुर्ची, शाल, नारळ, माइक.

"थांब बाळा, सत्कार हाय."

"तात्या, रेस चालू हाय. मागनं समद्या यायल्यात."

"येऊ दे की. आमी कुठं अडवलंय त्यास्नी? दोनच शब्द बोलतो."

मी थांबले. शाल अंगावर पडली आणि मागून घोळका आला. माझ्यासाठी थांबायचं बंधन कुणावर नव्हतं. पण प्राजक्ताने ब्रेक लावून पाय टेकला. "थांबा गं, तिचं गाव हाय."

सगळ्या थांबल्या. तिचं सगळ्या ऐकतात. माझं माझ्या चुलत्यांनीही ऐकलं नव्हतं.

तात्या तिच्याकडे बघत राहिले. "पेपरात फोटू येतो ती हीच व्हय?" आणि माझा नारळ त्यांनी तिच्या हातात दिला.

"तात्या, मी पुढं येती ती हिच्यामुळंच," प्राजक्ता म्हणाली. तिने तेवढं म्हटलं नसतं तर बरं झालं असतं.

इंदापूर जवळ आलं आणि मी पुढे लागले. मला तिला जिंकवायचं नव्हतं. इतकं जोरात ओढायचं होतं, की माझं मागचं चाक तिच्या हातून सुटावं आणि तिची धाप सगळ्यांना दिसावी. आयुष्यात तसं पेडल मारलं नव्हतं. ती सुटली नाही. सुटल्या बाकीच्या सगळ्या. ती एकटी, आरामात जिंकली.

सर धावत आले ते माझ्याकडे. "असा लीड-आउट मी बघितला नव्हता."

"सर, मग पुढचा सीझन?"

"वेडी आहेस का? असा लीड-आउट देणारीला स्प्रिंटला कोण लावेल?"

हेवा वाटला तर खुशाल वाटू द्यावा. त्या भरात काम मात्र चांगलं करू नये, तेच कायमचं गळ्यात पडतं.