तुसात जपलेली पांढरी वाईन

आयुष्यातली पहिली वाईन मी बी.ए. झालो त्या आठवड्यात चाखली, कोल्हापुरात काकांच्या भाड्याच्या खोलीत. ती इटलीची होती. दुसऱ्या महायुद्धात फौजेत असलेल्या काकांनी लढाईवरून परतताना ती ट्रंकेत कपड्यांच्या घडीत गुंडाळून आणली आणि भाताच्या तुसाने भरलेल्या पोत्यात पुरून ठेवली. कॉलेजची सगळी वर्षं मी त्या पोत्याशेजारी झोपलो. "घरात कोण गॅज्वेट झालं की फोडायची," असं ते म्हणत. घरात शिकणारा मी एकटाच होतो.

त्या सुमारास संस्थान नुकतंच विलीन झालं होतं आणि मुंबई सरकारची दारूबंदी आता इकडेही येणार, अशी बोलणी चालू होती. पण काकांना घाई होती ती वेगळ्या कारणाने. निकाल ऐकून माझे वडील, आबा, आजऱ्याकडच्या आमच्या गावाहून आले होते. काका त्यांचे धाकटे भाऊ. लढाईवरून परतल्यापासून आबा त्यांच्याशी शेतीपलीकडे बोलत नसत. परमुलखात हा कुणाच्या घरी काय खाऊन-पिऊन आला, याचा त्यांना राग होता की भीती, ते मला कधी कळलं नाही. त्या मुलखाबद्दल त्यांनी भावाला एक शब्द विचारला नव्हता. काकांना त्याचंच लागून राहिलं होतं.

मी शिकलो तो या दोघांमुळे. आबांनी मला औतावरून मोकळा केला आणि काकांनी स्वतःच्या हाताने रांधून वाढलं. दोघं मनमोकळे बसावेत, एवढंच मला त्या दिवशी हवं होतं.

रविवारची दुपार होती. काकांनी मटण केलं होतं. बाटली सकाळपासून ओल्या फडक्यात गुंडाळून रांजणाला टेकवून ठेवली होती. बूच निघेना, तेव्हा त्यांनी ते काठीने आतच ढकललं. मी वाट्या आणल्या.

"पितळंत नगं, कळकंल," म्हणत त्यांनी घरातला एकुलता एक काचेचा पेला पुसून घेतला.

"आरं, पांढरी म्हणतोस आन् ही तर पिवळी हाय की!" आबा म्हणाले.

"पांढरा रस्सा तरी चुन्यागत पांढरा असतोय व्हय? घ्या, दादा. आदी वास घ्यायचा."

"फुलं हायत व्हय वास घ्याय?"

तरी माझ्या निकालाचा मान म्हणून आबांनी पेला घेतला. आमच्याकडे पितात तसा ओठांपासून वीतभर वर धरला आणि भांडं उष्टं न करता घोट थेट घशात ओतला. त्यांचं तोंड वाकडं झालं. "चिंचंचं पाणी हाय की हे! ह्याच्यापायी एवढी वर्सं तूस अडवून ठेवलंस?"

मला वाटलं, संपलं सगळं. पण काका शांतपणे म्हणाले, "मीबी पयल्यांदा असाच प्यालतो, दादा."

मग ते त्या मुलखाबद्दल प्रथमच बोलले. टेकडीवरचं एक गाव. त्यांची तुकडी एका म्हातारीच्या खळ्यात उतरली होती. तिचा द्राक्षाचा मळा होता. तिने पेला दिला, काकांनी तो वरून ओतला आणि म्हातारीचा चेहरा उतरला.

"तिला वाटलं, तिच्या घरचं तोंडाला लावाय मी भितोय. तिनं पेला घेटला, सोताच्या ओठाला लावला, घोट घेटला आन् तसाच परत माझ्या हातात दिला. तिची भाषा मला येत न्हाय, माझी तिला. काय करणार? लावला तोंडाला. तुमच्या मतानं माझा धरम बुडाला असंल, तर तवा बुडाला. निघताना ही बाटली तिनंच दिली."

काकांनी पेल्याला ओठ लावून एक घोट घेतला आणि पेला माझ्याकडे दिला. मीही ओठ लावले. नाक पेल्यात गेलं तसा सुकल्या गवताचा आणि पिकल्या पेरूच्या सालीचा वास आला. जिभेवर आंबट, मग थोडं गोडसर, आणि गिळल्यावर कडू बदाम खाल्ल्यासारखं काहीतरी मागे राहिलं. अशी वाईन इतकी वर्षं ठेवत नाहीत, ती उतरते, हे मला पुष्कळ पुढे कळलं. त्या दिवशी तिच्यात काही कमी आहे असं वाटलं नाही. पिण्याआधी वास घ्यायचा आणि गिळल्यावर क्षणभर थांबायचं, हे मात्र मी तिच्याकडून शिकलो.

पेला मी खाली ठेवला. आबा त्याच्याकडे बघत बसले होते. आम्हा दोघांच्या ओठांचे ठसे काचेवर दिसत होते. त्यांनी हात पुढे केला, पेला तोंडाला लावला आणि डोळे मिटले.

"बोंडाचा वास हाय," ते हळूच म्हणाले. आमच्या रानातल्या काजूच्या बोंडांबद्दल ते बोलत होते. आणखी एक घोट घेतला. "घशालाबी तसंच धरतंय."

काकांनी पुढे वाकून त्यांच्या पेल्यात आणखी थोडी ओतली.

"म्हातारी जित्ती हाय का रं?"

"ठाव न्हाय, दादा."

"पोरं?"

"दोगं हुती. दोगंबी लढाईत गेली."

आबांनी पेला दोन्ही हातांत धरून ठेवला. "मंग मळा कोण बगतंय?"

काका सांगू लागले. वेल कशाला बांधतात, कुठल्या उतारावर लावतात, म्हातारी एकटीच छाटणी कशी करायची. आबा मध्येच त्यांना थांबवून विचारत होते, "टेकाडावर पानी कुठनं घेत्यात?" रस्सा गार झाला होता. तो पुन्हा तापवायला मी चुलीकडे गेलो.