तीन तासांचे आठ तास

आयसीयूतल्या लावण्या नावाच्या नर्सचा फॉर्म माझ्या टेबलावर आपटून सुपरिंटेंडंट साहेब म्हणाले, "मॅडम, इन्स्पेक्शन परसों है. ये देखे तो वो लोगां पूछेंगे, आप क्या करे?"

मी हैदराबादच्या एका खासगी इस्पितळात क्वालिटी विभागात होते. आमचं काम उपचार करायचं नव्हे, उपचार नीट होतात याचे कागद ठेवायचं. नव्या नर्सकडून पहिल्याच दिवशी मी एक वाक्य पाठ करून घेत असे: जे लिहिलं नाही, ते झालंच नाही.

दर्जाचं सर्टिफिकेट टिकवायला तपासनीस येतात, फायली चाळतात. त्या वर्षी स्टाफची झोप आणि मनःस्थिती विचारणारा फॉर्मही फायलीत हवा होता. आयसीयूतल्या सगळ्यांनी शहाण्यासारखी आठ तास झोप लिहिली होती. लावण्यानं लिहिलं होतं तीन. डोळे मिटले की मॉनिटर वाजतो. रडू येतं का? रोज, बसमध्ये, अफझलगंज येईपर्यंत.

वाचून वाईट वाटलं. पण खोटं कशाला बोलू, त्याहून जास्त वैताग आला.

दुपारी कोरा फॉर्म घेऊन मी आयसीयूत गेले. लावण्या सव्वीस वर्षांची, कामाला चोख. ती एका पेशंटचं सलाईन बदलत होती.

"जरा नॉर्मल लिखदे अम्मा," मी म्हटलं.

"नॉर्मल रहती तो लिखती ना मॅडम." मग हळूच, "दो दिन छुट्टी मिलती क्या?"

"इन्स्पेक्शन के बाद देखेंगे."

"कोई तो पूछेंगे बोलके सच लिखी मैं," ती म्हणाली. आणि नव्या फॉर्मवर झोप आठ तास, थकवा नाही, असं लिहून तिनं सही केली. जुना फॉर्म मी माझ्या हातानं फाडला.

तपासनिसांनी आमच्या फाइलचं कौतुक केलं. लावण्याच्या सुट्टीचं मी विसरले. नाही, विसरले नव्हते. विषय काढला नाही.

तीन आठवड्यांनी, नाईट संपल्यावर तिला लगेच मॉर्निंगलाही थांबवलं होतं. तेव्हा तिनं एका बेडचं इन्सुलिन शेजारच्या पेशंटला दिलं. गरज नसताना ते दिलं तर रक्तातली साखर झपाट्यानं उतरते, जिवावर बेतू शकतं. चूक तिच्याच लक्षात आली. तिनंच ओरडून डॉक्टरांना बोलावलं, म्हणून पेशंट वाचला.

चौकशीत ती म्हणाली, झोप नव्हती. साहेबांनी फाइल उघडली.

"आठ घंटे. थकान नहीं. ये तुम्हारीच सही है ना?"

लावण्या माझ्याकडे बघत राहिली.

शेवटी मी तोंड उघडलं. "सर, पहला फॉर्म अलग था. आपच देखे."

"किदर है?"

"मैं फाड दी."

साहेबांचा आवाजही चढला नाही. "मॅडम, ट्रेनिंग में आपच सिखाते ना? जो लिखा नहीं, वो हुआच नहीं."

निष्काळजीपणाचा शेरा मारून लावण्याला काढलं. तो अहवाल मीच टाइप केला, एकही चूक न करता. त्याची लाज अजून वाटते.

पुढे निवृत्त होईपर्यंत चार वर्षं मी त्याच खुर्चीवर होते. एक सुधारणा मात्र केली: त्यानंतर एकही कागद फाडला नाही. लावण्याला त्याचा काही उपयोग नव्हता.