मामा आणि पन्नासला धापा टाकणारी गाडी

माणसाच्या बोलण्यावर तिळभरही विश्वास न ठेवता जन्मभर माणसांच्याच उपयोगी पडलेला गृहस्थ मी एकच पाहिला, आणि तो माझ्या बायकोचा मामा निघाला हे माझं भाग्य. लष्कराच्या वर्कशॉपात उमेदीची वर्षं गाड्या खोलण्या-जोडण्यात घालवून मामा सांगलीला परतले आणि कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याची शेड टाकून बसले. आसपासच्या कारखान्यांत कामाला येणाऱ्यांच्या स्कूटरी आणि मोटारसायकली तिथं दुरुस्तीला येत. मामांच्या मते जगात खरं बोलणारी वस्तू एकच, ती म्हणजे इंजिन. "माणसाचं दुखतंय एकीकडं आन् हात लावतंय भलतीकडं," ते म्हणायचे. "इंजिनाला लाजलज्जा न्हाई. जे हाय ते बोलतंय. ऐकणारा पायजे."

हे ऐकण्याचं वेड किती होतं ते मला माझ्याच लग्नात कळलं. अंतरपाट धरला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं" असं गुरुजींनी तीनदा पुकारलं. मुलगी तयार, मामा बेपत्ता. शोधाशोध झाली तेव्हा मांडवामागं जनरेटरखालून दोन पाय बाहेर आलेले दिसले. त्याच्या आवाजात म्हणे काहीतरी 'गिळल्यासारखं' येत होतं. सासूबाईंनी भावाचे पाय धरून ओढायला सुरुवात केली, तर आतून आवाज आला, "दोन मिंटं थांब आक्का! ह्यो बंद पडला तर मंगलाष्टका कुणाला ऐकू जाणार?" शेवटी मुलीला घेऊन ते आले खरे, पण शालूच्या खांद्यावर ऑइलची पाच बोटं उमटवून. आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये तो पंजा आम्हा दोघांपेक्षा स्पष्ट आला आहे.

पाहुणे म्हणून कुणाच्या घरी गेले, की यजमानांची चौकशी राहायची बाजूला. हे पंख्याकडं मान वर करून बसायचे. पंखा कुरकुरत असला तर चहा निवून जायचा. दुसऱ्यांच्या गाड्या ठणठणीत करणारा हा माणूस स्वतः मात्र सायकल वापरायचा. कारण विचारलं तर म्हणायचे, "गाडीवर बसलो की मी तिचंच ऐकत बसतो. समोरनं येणारा ट्रक दिसत न्हाई." दुरुस्तीची त्यांची शिस्त अशी, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बघायचं. घाईच्या गिऱ्हाइकाला ते स्टुलावर बसवत, चहा पाजत आणि तासभर गाडीला हातच लावत नसत. निम्मी गिऱ्हाइकं चिडून उठून जायची. उरलेली जन्मभराची व्हायची.

मी जनावरांचा डॉक्टर. नव्वद सालानंतरची चार-पाच वर्षं मी म्हसवडच्या बाजूला होतो. माणदेशातल्या वाड्या-वस्त्या लांब-लांब विखुरलेल्या, आणि माझ्याकडं एक जुनी मोटारसायकल. एका वर्षी दिवाळीच्या सुमाराला तिनं नवीन खोड काढली. गावात नीट चालायची, चाळीसपर्यंत तक्रार नाही. पण मोकळ्या रस्त्यावर पन्नासच्या पुढे नेली की चार-पाच मैलांत धापा टाकायला लागायची. ॲक्सिलरेटर पिळावा तसा आवाज बसत जायचा आणि गाडी आचके देत थांबायची. थोडा वेळ थांबलं की पुन्हा चालू, जणू काही झालंच नाही. मी तीन मेकॅनिक केले. एकानं प्लग बदलला, दुसऱ्यानं कार्बोरेटर धुतला, तिसऱ्यानं पिस्टनच्या रिंगा नव्या घातल्या. दुखणं होतं तिथंच.

अशातच एका दुपारी सांगावा आला, की लांबच्या एका वस्तीवर एक खिलार बैल फुगलाय. पोटफुगीत मिनिटामिनिटाला किंमत असते. मी निघालो आणि गाडी वाटेत तीनदा थांबली. तिसऱ्यांदा तर मी रस्त्यातच तिला लाथ घातली. पोचलो तेव्हा बैल नुकताच गेला होता. त्याच्या अंगावर धन्यानं स्वतःचं धोतर पांघरलं होतं. तो म्हातारा मला एका शब्दानंही रागावला नाही. उलट "आलासा डाक्टर? लांबनं आलासा, पाणी घ्या," म्हणाला. त्यानं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. घरी येऊन मी बायकोला सांगितलं, की हे फिरतीचं काम माझ्याच्यानं होणार नाही, ऑफिसातल्या बदलीसाठी अर्ज करतो. ती म्हणाली, "अर्ज सोमवारी करा. रविवारी मामाकडं जाऊन या."

रविवारी चाळीसच्या वेगानं रखडत, विट्यावरून मी कुपवाडला पोचलो. मामांनी मला स्टुलावर बसवलं आणि चहा सांगितला. मी गाडीची सगळी कर्मकहाणी सांगितली. ते डोळे मिटून ऐकत होते. मग एकेक प्रश्न सुरू झाला.

"टाकी फुल असताना जास्त का रिकामी असताना?"

मी कधी लक्षच दिलं नव्हतं. आठवून बघितलं. "भरलेली असताना. लवकर बंद पडते."

"बंद पडल्यावर तुमी काय करतासा?"

"काय करणार? पेट्रोल आहे का बघतो."

"कसं?"

"टाकीचं झाकण उघडून."

"मग?"

"मग झाकण लावतो, किक मारतो. होते चालू."

मामांनी डोळे उघडले आणि माझ्याकडं इतक्या करुणेनं पाहिलं, की बैलाच्या म्हाताऱ्यानंतर तसं मला कुणी पाहिलं नव्हतं. "आवं जावयबापू," ते म्हणाले, "तुमी डाक्टर ना? रोज सोताच्या हातानं औषध देतासा आन् म्हणतासा रोग कळंना!"

मला काही उमजेना. त्यांनी ऑइलचा एक बंद डबा घेतला, खिळ्यानं एक भोक पाडलं आणि उपडा केला. दोन-चार थेंब पडले आणि धार थांबली. मग वर आलेल्या बुडाला दुसरं भोक पाडलं, तशी सुरेख धार लागली. "खालनं त्याल जायचं तर वरनं हवा यायला पायजे. टाकीच्या झाकणाला त्यासाठी बारीक भोक असतंय, ते तुमचं बुजलं असंल. टाकी फुल असली की आत हवाच थोडी, म्हणून लवकर अडतंय. हळू चालवली तर पेट्रोल लागतंय थोडं, निभावून जातंय. जोरात पळवली की टाकीतनं पेट्रोल उतरंना आन् इंजिन उपाशी मरतंय."

"मग उघडा की ते भोक!"

"नुसतं ऐकून निदान करायचं न्हाई. बघायचं. चला."

मिरजेच्या रस्त्याला मागं मामांना बसवून मी गाडी साठला नेली. थोड्याच वेळात तिनं धाप टाकली. मामा उतरले, झाकणाशी कान नेला आणि हळूच झाकण फिरवलं. आतून 'फुस्स' असा दीर्घ सुस्कारा ऐकू आला. "ऐकलंसा? श्वास घेतला बघा तिनं!" मामांचा चेहरा असा उजळला, जणू बाळंतिणीच्या खोलीबाहेर पहिलं रडणं ऐकलेल्या बापाचाच. पुढं झाकण सैल ठेवून आम्ही आणखी लांब गेलो. गाडी साठला एकदाही अडखळली नाही.

शेडमध्ये येऊन त्यांनी झाकण उलटं केलं आणि सुईनं भोक कोरलं. सुईच्या टोकाला लालपिवळा, दगडासारखा वाळलेला एक कण आला. मामांनी तो बोटावर चोळला, हुंगला.

"दसऱ्याला गाडीची पूजा कुणी केली?"

"तुमच्या भाचीनं. हळदीकुंकू कालवून चांगलं जाडजूड लावलं होतं."

मामांनी बोट फडक्याला पुसलं. मग दाराकडं एकदा बघून हळू आवाजात म्हणाले, "तिला ह्ये सांगू नका. लय भक्तीनं केलं असंल. फुडच्या साली तिला म्हणावं, हळदकुंकू चाकाला लाव. टाकीला नुसतं हात जोड."

तो अर्ज मी लिहिलाच नाही. पण गोष्ट इथं संपली नाही, कारण तोंडी 'बरी आहे' यावर मामांचा विश्वास बसणं शक्य नव्हतं. पंधरा दिवसांनी सकाळी ते एसटीनं थेट म्हसवडला हजर. "रिपोर्ट घ्यायला आलोय," म्हणाले. ते चहा घेत असतानाच एक माणूस धावत आला. बारा-चौदा मैलांवरच्या त्याच्या वस्तीवर गाय अडली होती. मी बॅग उचलली आणि मामा न विचारता मागं बसले. गाडी भन्नाट पळाली. वाटेत मागं वळून पाहिलं तर मामा डोळे मिटून ऐकत होते.

वासराचा पुढचा एक पाय आत दुमडला होता. मी खांद्यापर्यंत हात घालून तो सरळ केला, दोरी बांधली आणि मामांच्या हातात दिली. गाय कळ देईल तेव्हाच ओढायचं, एवढं सांगितलं. मामांनी ते इतकं काटेकोर पाळलं, की मला पुन्हा सांगावं लागलं नाही. वासरू बाहेर आलं, पण हलेना. मी नाका-तोंडातला चिकटा काढला, अंग चोळलं, नाकपुडीत गवताची काडी फिरवली. मामा गुडघ्यावर बसून वाकून बघत होते. "डाक्टर," ते म्हणाले, "काय तरी करा की." तेवढ्यात वासरू शिंकलं, मान हलवली. गाय हंबरली. मामा उठले आणि विहिरीच्या काठावर आमच्याकडं पाठ करून कितीतरी वेळ उभे राहिले.

परतताना त्यांनी गाडीबद्दल काही सांगितलं नाही. स्टँडवर उतरल्यावर म्हणाले, "तुमचं काम लय अवघड हाय. आमचं चुकलं तर फिरून खोलता येतं."

तिसऱ्या दिवशी त्या घरच्या बाईनं चिकाचा डबा पाठवला. बायकोनं वेलदोडा घालून खरवस केला आणि म्हणाली, "मामानं दोरी ओढली ना? मग हा त्याचा." खरवस टिकत नाही, तेव्हा डबा पिशवीत घालून मी तसाच कुपवाडला निघालो आणि दुपारच्या आत पोचलो. मामांनी खरवस तिथंच, शेडच्या पायरीवर बसून, बोटांनी खाल्ला. डबा नळावर घासून आणला आणि माझ्या हातात देताना थबकले. आपल्याकडं आलेला डबा रिकामा परत करत नाहीत. साखर, शेंगा, काही तरी घालायचं. पण त्या शेडमध्ये खाण्याचं काय असणार? त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि नव्या, चकचकीत नट-बोल्टांची एक मूठ डब्यात टाकून झाकण लावलं.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी त्यांचे आभार कधी मानले नाहीत. मानले असते तरी त्यांनी विश्वास ठेवला नसता. ते नट-बोल्ट माझ्या कुठल्याही गाडीला कधी बसले नाहीत. बायकोनं डबा तसाच फडताळात ठेवला आहे. दिवाळीच्या आवराआवरीत तो हातात आला की आम्ही दोघं तो एकदा हलवून बघतो, आवाज ऐकतो आणि पुन्हा जागेवर ठेवतो.