काय पाहुणे, जेवलात का?

मी इथे आखातात एसी दुरुस्त करणारा माणूस. खोलीत आवाज येतो म्हटलं की आधी फॅनचं बेअरिंग बघतो, भूतबित नंतर. या सदरातले अनुभव मी रूमवर मोठ्याने वाचून सगळ्यांना हसवायचो... आता स्वतःच लिहायला बसलोय. हसा खुशाल.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. अल ऐनला मोठा एअर शो होता आणि धावपट्टीपलीकडच्या वाळूत तंबू ठोकून राहायची सोय होती. मुसफ्फातल्या आमच्या रूममधले चौघं जाणार होतो. एकाला ड्युटी लागली, एक गावी गेला, तिसरा अंथरुणातूनच "इन्शाल्ला, अगले साल" म्हणाला. मी हट्टाने एकटाच गेलो. चौघांचा तंबू एकट्याने उभारताना मात्र रडू यायचं तेवढं बाकी होतं — दुसरं टोक धरायलाही माणूस नाही.

विमानांचं मला लहानपणापासून वेड, आणि त्याला कारण आहे. माझे वडील, नाना, इथल्याच देऱ्यात राहून गवंडीकाम करायचे. मला कळायला लागायच्या आत ते हार्ट अटॅकने गेले; अंत्यसंस्कारही इथेच झाले. माणगावजवळच्या आमच्या गावावरून विमान गेलं की मी अंगणात धावत जाऊन ओरडायचो, "नाना, कधी येणार?" ते येणार नाहीत हे मला बरंच उशिरा सांगितलं. चेहरा निदान फोटोत आहे. आवाज कुठेच नाही, आणि ते मला अजून सलतं.

शेजारच्या तंबूत मोहम्मद बिन झायद सिटीतले कदम होते, मूळ कराडचे. सोबत बायको आणि मुलगी रिया. "पाहुणं, एकटंच का? या की, चहा घ्या," ते म्हणाले. मी संकोचून नको म्हटलं. भरल्या घरात बसलं की आपलं एकटेपण जास्तच दिसतं.

दुपारी लढाऊ विमानं डोक्यावरून गेली. छाती हादरत होती, सगळ्यांचे हात कानांवर. एवढ्या गोंगाटात कुणाला काय ऐकू जाणार... या वयात, भर मैदानात, मी ओरडलो — "नाना, कधी येणार?"

आणि अगदी कानाशी, जराही आवाज न चढवता, कुणीतरी विचारलं,

"काय पाहुणे, जेवलात का?"

मी वळून "नाही अजून" म्हणालोसुद्धा. मागे फक्त माझा तंबू होता.

कदमांचंच काम असणार, दुसरं कोण पाहुणं म्हणतंय मला? विमानं गेल्यावर जाऊन विचारलं.

"मी? छ्या! मला माझाच आवाज ऐकू येईना. जेवायला बोलवायचं तर हात केला असता की."

रिया म्हणाली, "बट अंकल, यू टर्न्ड अँड सेड समथिंग. हू वॉज देअर?"

मी तंबूत जाऊन आईला फोन लावला. बाकी काही न सांगता विचारलं, "आई, नाना मला काय हाक मारायचे गं?"

ती म्हणाली, "पाहुणे. दोन वर्षांनी सुट्टीवर आले, तर तू माझ्यामागे लपलास. हे कोण, म्हणालास. त्यांनी हसण्यावारी नेलं. घरातला पाहुणा मी, म्हणाले, पण नाव ह्याला लावू. त्या सुट्टीनंतर गेले ते गेलेच... मी हे कुणाला सांगितलं नाही रे. आज अचानक का विचारलंस?"

मी घडलं ते सांगितलं. वाटलं, रडेल, नाहीतर नारळ ठेव म्हणेल.

"आवाज कसा होता?" तिने विचारलं. "मी विसरले रे."

जाड होता का बारीक, काहीच धड आठवेना. एवढंच म्हणालो, "घाईत नव्हते, आई."

लहानपणी ऐकलेलं कुठेतरी मनात राहिलं असेल, असं रूमवरचे म्हणतात. असेलही. मला अजून उलगडा झालेला नाही. पण त्या दुपारी आईने फोन ठेवला नाही. "आधी जेव," म्हणाली, "त्यांनी विचारलंय ना." मी फोन शेजारी ठेवला आणि डबा उघडला.