भाताचा वास

आमच्या किनाऱ्याला विमान हाच रस्ता. त्या एकुलत्या एका विमानाचे मेकॅनिक फेलिमोन. गाव त्यांना मनोंग, म्हणजे दादा म्हणतो. मी तिकिटं देते आणि दिवसभर त्यांची बोलणी खाते.

यंदा सुगीत त्यांची बायको पासिंग भडकली. आम्ही बायका धावपट्टीच्या कडेलाच ताडपत्र्या घालून भात वाळवतो.

"तुमचं विमान उभ्या उभ्या घुरघुरतं, आणि माझ्या भाताला पेट्रोलचा वास मारतो!"

जगाला दमात घेणारा हा माणूस घरात मात्र मऊ. त्यांनी कार्बुरेटरचा स्क्रू पिळून इंजिन मंद चालताना मिळणारं पेट्रोल कमी केलं. वास गेला, पासिंग खूश.

शुक्रवारी त्यांची लेक लिगाया तान्ह्या बाळाला घेऊन त्याच विमानाने परत येत होती. पायलट ओरलिनोने इंजिन मंद करून विमान उतरवायला घेतलं, तर पुढे ताडपत्र्या! ऊन चांगलं म्हणून आम्ही हावरटासारख्या पार मधोमध पसरलो होतो. वर निघायला त्याने जोर दिला. इंजिन खोकलं आणि गप्प झालं.

"घे रे बाबा, घे!" मनोंग ओरडले. त्यांचा चेहरा मला बघवेना.

इंजिनाने उचल घेतली. विमान आमच्या डोक्यावरून गेलं. आम्ही भात सांडत ताडपत्र्या ओढल्या, आणि दुसऱ्या खेपेला ते सुखरूप टेकलं. देवा, केवढा जीव भांड्यात पडला!

"मनोंग, इंजिनाला दमा लागलाय का?" ओरलिनो उतरताच म्हणाला.

मनोंग नातीचे पाय धरून रडत होते. "मंद चालताना झडप मिटलेली असते रे. मोठ्या नळीतून पेट्रोल ओढलं जात नाही. झडपेच्या कडेच्या बारीक भोकातून येईल, त्यावरच ते जगतं. मी त्याच्या तोंडचा घास काढला. मग धाव म्हटल्यावर कसं धावेल?"

डोळे पुसून त्यांनी स्क्रू सैल केला, इंजिन लावलं आणि पेट्रोल बंद करायचा दांडा हळूहळू ओढला. इंजिन किंचित उसळलं, मगच बंद पडलं.

"हां! विझण्याआधी उसळलं, म्हणजे पोट भरलेलं आहे."

बाळाच्या बाप्तिस्म्याला त्याच सुगीचा तांदूळ शिजला. पासिंगने पहिला घास घेतला, तसे मनोंग चाचरले, "वास येतोय का गं?"

"येतोय," मांडीवरच्या नातीला थोपटत पासिंग म्हणाली. "वाढा अजून."