सीमेअलीकडचा मेथांबा

आमच्या विद्यार्थ्यांना खरं तर युरोपला जायचं होतं. पॅरिस, प्राग, व्हिएन्ना अशी नावं त्यांनी फळ्यावर लिहूनही ठेवली होती. विभागप्रमुखांनी ती शांतपणे पुसली आणि तिथे ‘कालगुर्ली’ लिहिलं. खाणकाम शिकणाऱ्यांनी आधी सोन्याची खाण बघावी, असं त्यांचं म्हणणं. विमान सोडून बसने जायची कल्पना मात्र माझी. मी भूशास्त्र शिकवते, आणि अशा कल्पना मला एसीत बसल्यावर फार सुचतात.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी ॲडलेडच्या मॉसन लेक्समधून आमची छोटी बस सुटणार, तेवढ्यात नलूताई कापडी पिशवी घेऊन लगबगीने आल्या. इथल्या मराठी मंडळींचा एक अलिखित नियम आहे. कोणी कुठेही निघालं की त्याच्या हाती काहीतरी सोपवायचं. मी एकदा सिडनीला परिषदेसाठी गेले होते, तर माझ्या बॅगेत निबंध एक आणि लोकांच्या चकल्या तीन घरच्या होत्या.

पण नलूताईंची पिशवी वेगळी होती. त्यांचा मुलगा मंदार कालगुर्लीच्या एका खाणीत इंजिनिअर आहे. ‘त्या वाळवंटात काय ठेवलंय, सिडनीत पॅरामॅटाला ऑफिसातली नोकरी बघ’ हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं, की एकदा फोनवर चांगलंच वाजलं. त्यानंतर वर्षभर मंदार आईशी बोललेला नव्हता. ‘जेवलास का?’ असा मेसेज गेला की उत्तरादाखल नुसता अंगठा यायचा. ‘मला ताप आलाय’ यावरही एकदा अंगठाच आला होता.

पिशवीत कैऱ्या होत्या. शाळेत असताना मंदारने कुंडीत कोय रुजवली होती, त्या झाडाला यंदा पहिल्यांदा फळ धरलं होतं.

“नुसत्या दे त्याला,” नलूताई म्हणाल्या. “माझ्याबद्दल काही बोलू नकोस. कैऱ्या बघून बोलला तर बोलला.”

मी पिशवी मांडीवर घेतली. आता ही पोचवणं आलं.

पोर्ट ऑगस्टा मागे पडलं आणि रस्ता पश्चिमेला वळला. पुढचा दिवसभर गहू कापून उरलेली पिवळी शेतं, मग खुरटी झुडपं, मग तीही नाहीत. नलारबॉर हे पठार चुनखडीचं आहे आणि त्यावर झाड म्हणून नाही. मी माईकवरून त्याच्या उत्पत्तीबद्दल बोलायला लागले, तेव्हा मागच्या बाकांवर सामुदायिक निद्रा सुरू झाली. फक्त लुधियानाचा हरमन जागा होता. “मॅम, यूरोप में इतनी देर में चार कंट्री हो जाते,” असं तो दर थांब्याला मला ऐकवत होता. थांबे लांब लांब होते म्हणून मी वाचले.

एका ठिकाणी बस समुद्राकडे वळली. चालत पुढे गेलो, तर जमीन एकदम संपली. खाली उभाच्या उभा कडा, आणि थेट अंटार्क्टिकापर्यंत पाणी. झोपलेली पोरंही धावत पुढे आली. मला फार भरून आलं, आणि काहीतरी बोलावं म्हणून तोंड उघडलं तर त्यात माशी गेली. इथल्या माश्यांना भूशास्त्राबद्दल आदर नाही.

मुक्कामाला एक रोडहाऊस होतं (हमरस्त्यावर पेट्रोल, जेवण आणि खोल्या एकत्र मिळतात ती जागा). तिथे आमचा ड्रायव्हर कॉलिन थर्मासमधला चहा ओतता ओतता म्हणाला, “मेट, कुणाकडे फळं असतील तर आजच संपवा. उद्या वेस्टर्न ऑस्ट्रेलियाची हद्द लागते. तिथे सगळं काढून घेतात.”

माझ्या तोंडचं पाणी पळालं. फळमाशी राज्यात शिरू नये म्हणून हा बंदोबस्त असतो, हे मी ऐकून होते. पण वीस वर्षांत मी नेहमी विमानानेच पर्थला गेले होते आणि बरोबर फार तर पुस्तकं असायची. रस्त्यावर पाट्याही होत्या म्हणे. त्या वेळी मी माईकवर होते. कैऱ्या लपवायचा विचार माझ्या मनात आला. कॉलिनला तो माझ्या चेहऱ्यावर दिसला असावा, कारण त्याने दंडाची माहिती सविस्तर सांगितली.

बसमध्ये दोन पक्ष पडले. हरमनच्या पक्षाचं म्हणणं, तिखटमीठ लावून आत्ताच खाऊन टाकू. नाशिकची तन्वी मात्र पिशवी धरून बसली. “असं कसं? कुणाच्या तरी आईने दिलंय ते.” मग तिनेच कॉलिनला विचारलं की शिजवलेलं चालतं का. चालतं म्हणाला, शिजवलेल्याला नो वरीज.

तन्वीकडे मिसळणाचा डबा होता. घर सोडताना आईने बॅगेत घातला, तेव्हापासून ती तो लायब्ररीतसुद्धा नेत असावी. रोडहाऊसच्या मालकिणीने, भांडी घासून ठेवण्याच्या अटीवर, स्वयंपाकघर दिलं. गुळाऐवजी ब्राऊन शुगर मिळाली. मेथांबा करायचं ठरलं.

नलूताईंना विचारायला नेटवर्क नव्हतं, आणि असतं तरी विचारायचं धैर्य नव्हतं. मी आयुष्यात मेथांबा खाल्ला भरपूर, केला कधीच नाही. तन्वीचंही तेच. तरीही नाशिकची पद्धत बरोबर की पुण्याची यावर आम्ही दोघी हिरिरीने भांडलो. त्या भांडणात मेथ्या करपल्या. मी मीठ घातलं. माझं लक्ष नसताना तन्वीनेही घातलं. हरमन खिडकीतून सांगत होता की त्यांच्याकडे हे सगळं नुसतं उन्हात ठेवतात.

दुसऱ्या दिवशी नाक्यावरच्या अधिकाऱ्याने मेथांब्याची बरणी उघडली, वास घेतला आणि डोकं मागे नेलं. तन्वीने ‘जॅम’ म्हणून सांगितलं. जॅमबद्दलचा त्याचा अनुभव वेगळा असावा, पण शिजलेलं आहे याची खात्री करून त्याने बरणी परत दिली. जप्त झाला तो कॉलिनच्या एस्कीतला (थंड पेटी) मध. मधावरही बंदी होती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. सातशे किलोमीटरवरच्या नॉर्समन गावापर्यंत कॉलिन कुणाशी बोलला नाही.

कालगुर्लीची खाण म्हणजे जमिनीला पाडलेलं भलंमोठं भगदाड, पायऱ्यापायऱ्यांचं. तळाशी चालणारे घराएवढे ट्रक वरून खेळण्यातले वाटत होते. पोरं युरोप विसरली. संध्याकाळी मंदार शिफ्ट संपवून, केशरी जॅकेटमध्येच, आमच्या मोटेलवर आला. हसरा, नम्र, आणि घाईत. मी बरणी पुढे केली.

“आईने कैऱ्या दिल्या होत्या, कुंडीतल्या. हद्दीवर नेऊ देत नव्हते, म्हणून आम्ही हे केलं.”

“त्या झाडाला आल्या?” त्याने विचारलं.

मी नुसती मान हलवली. काही बोलू नकोस असं बजावलेलं होतं, आणि पुण्याच्या माणसाला एवढं गप्प बसायला किती त्रास होतो ते मलाच ठाऊक.

त्याने बरणीचं झाकण उघडलं. मग बोट बुडवून चाटलं. त्याचा सगळा चेहरा आक्रसला.

“मावशी, हे असं नसतं.”

तन्वी दुखावली. मी नाशिक पद्धतीकडे बोट दाखवणार होते, पण मंदारने तोवर फोन काढला होता आणि तो पार्किंगच्या दिशेने चालायला लागला होता. उघड्या दारातून आम्हाला ऐकू आलं.

“आई, मी बोलतोय. या लोकांनी कैऱ्यांची काय वाट लावलीय तुला कल्पना नाही.” मग बराच वेळ तो ऐकत होता. मग म्हणाला, “नाही, अजून जेवलो नाही.”

तन्वी माझ्याकडे न बघता आत निघून गेली. मीही चष्मा पुसत बसले. वाळवंटात धूळ फार असते.

परतल्यावर बसमधून उतरले ती थेट नलूताईंकडे गेले. म्हटलं, आभार मानतील, निदान चहा तरी. त्यांनी दार उघडलं आणि उंबऱ्यातच विचारलं, “मेथ्या करपवल्यास म्हणे?”

मी कबूल केलं.

“आणि मीठ दोनदा. रोज रात्री फोन करून तक्रार करतो,” त्या म्हणाल्या. त्यांना हसू आवरत नव्हतं. “म्हणतो, भाताशीसुद्धा खाववत नाही. तरी अर्धी बरणी संपवलीय मेल्याने.”

प्रवासाने माणूस शहाणा होतो म्हणतात. माझं तसं काही झालं नाही. पण इतकी वर्षं नोकरी केली, विद्यार्थ्यांच्या आणि वरिष्ठांच्या हव्या तेवढ्या तक्रारी ऐकल्या. कुणी केलेली तक्रार पुन्हा पुन्हा ऐकावीशी वाटली ती ही एकच.