एका घड्याळाच्या बावीस कवळ्या

माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, कवळ्या करतात. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात. भाऊजी त्यावरून प्लास्टरचा जबडा ओततात, मेणाच्या हिरड्या चढवतात, एकेक दात बसवतात आणि शेवटी घासून घासून सगळं गुळगुळीत करतात. घराला लागूनच त्यांची कामाची खोली आहे. कधीही जा, फळीवर तीस-चाळीस जबडे आ वासून बसलेले असतात. मला तिथे चहा घशाखाली उतरत नाही. भाऊजी मात्र त्याच टेबलाच्या कोपऱ्यावर ताट ठेवून जेवतात.

माणूस साधा. कोपरापर्यंत पांढरी भुकटी, बोलणं मोजकं, मनगटावर प्लॅस्टिकचं काळं घड्याळ. आमच्या भागात लोक त्यांना जवळजवळ संत समजत, कारण ज्यांना परवडत नाही अशा म्हाताऱ्या माणसांना ते फुकट कवळ्या करून देत. माप खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई घेत, त्याही पैसे लावत नसत. दाराशी खिळ्याला एक वही टांगलेली होती, तिच्यात नंबर लावायचा आणि वाट बघायची. कारण भाऊजींचं हे पुण्यकर्म फार लहरी होतं. सहा-सहा महिने वही जागची हलायची नाही, आणि मग एकदम रविवारीसुद्धा मशीन घरघरायला लागायचं. ताई म्हणायची, "त्यांना मधूनच येतं तसं." मी म्हणायचो, डोकं फिरतं.

डोकं कशाने फिरतं ते मला दोन वर्षांपूर्वी कळलं. नेलेली शिडी परत द्यायला मी भर दुपारी गेलो. दार लोटलेलं होतं. भाऊजी हात स्वच्छ धुऊन, टेबलावर धुतलेला टॉवेल पसरून बसले होते, आणि मनगटावर निळ्या तबकडीचं असं एक घड्याळ होतं की शिडी माझ्या हातातच राहिली.

"दार लाव आधी," ते म्हणाले.

'जुने जबडे, वरचे' अशी चिठ्ठी लावलेल्या खणात अशी आणखी तीन होती. मी किंमत विचारली. त्यांनी खालच्या आवाजात सांगितली आणि मी स्टुलावर बसलो. त्या निळ्याच्या किमतीएवढ्या पैशांत माझी स्कूटर, फ्रिज आणि बायकोचं बाळंतपण उरकलं होतं, वर पंखा आला होता.

"घालता कधी ही?"

"दुपारी. दहा मिनिटं."

"आणि बाहेर?"

"वेड लागलंय का? लोक काय म्हणतील?"

मग त्यांनी घड्याळ उलटं केलं, मागची बाजू काचेची होती, आणि आपलं भिंग माझ्या डोळ्याला लावलं. "बघ. एवढ्याशा जागेत दीडशे तुकडे, आणि एकही दुसऱ्याला बोचत नाही. मी तीस वर्षं झाली, नुसते अठ्ठावीस दात असे बसवायला बघतोय." इतका आनंद मी त्यांच्या तोंडावर त्यांच्या लग्नातही पाहिला नव्हता. तो टिकला मात्र नाही. "पण मन खातं रे. हे घेऊन येत होतो त्या दिवशी एक म्हातारी फुटपाथवर पाव पाण्यात भिजवून चघळत बसली होती. म्हटलं, या एका घड्याळात बावीस कवळ्या झाल्या असत्या."

"मग?"

"मग केल्या."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. चार घड्याळं आणि मशीनच्या चार घरघरी. मी स्वभावाने फटकळ आहे आणि स्वतःवर दमडी न उधळणारा म्हणून आमच्या घराण्यात माझं नाव आहे. मी म्हटलं, "ही चैन शोभत नाही तुम्हाला. विकून टाका आणि मोकळे व्हा." ते म्हणाले, "तेच ठरवतोय." पुढे दीड वर्ष ते तेच ठरवत होते.

मग ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळाने भाऊजींचा सत्कार ठरवला. सभागृहात प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर सत्तर-ऐंशी माणसं बसली होती आणि त्यांतलं जवळजवळ प्रत्येक हसू भाऊजींच्या हातचं होतं. मंडळाचे अध्यक्ष निवृत्त पोस्टमास्तर. ते गहिवरून म्हणाले, "या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांना दिलं, स्वतःसाठी काही घेतलं नाही. पुरावा हवा असेल तर त्यांचं मनगट बघा." सगळ्यांनी मनगट बघितलं. मंडळींनी वर्गणी काढून एक घड्याळ आणलं होतं, सोनेरी मुलाम्याचं. ते भाऊजींच्या हातावर बांधताना टाळ्यांचा कडकडाट झाला आणि भाऊजींचा चेहरा पार उतरला. लोकांना वाटलं, विनय. मला माहीत होतं की बिचाऱ्याला तो खण आठवतोय.

घरी आल्या आल्या त्यांनी ताईला कामाच्या खोलीत नेलं, माझ्यादेखत तो खण उघडला आणि मान खाली घालून उभे राहिले. ताईने एकेक घड्याळ उचलून बघितलं.

"हिरव्या पट्ट्याचं होतं ना एक? पट्टा बदललात वाटतं."

"तुला माहीत होतं?"

"नऊ वर्षं हे खण कोण पुसतंय?"

त्यामुळे ते आणखीच ओशाळले. ही संधी साधून मी परत म्हटलं, "विकून टाका." ताईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू शेजाऱ्याच्या कुत्र्याने तिच्या रोपांवर पाय वर केलाय. आठवड्याभरात चारही घड्याळं गेली. आलेले पैसे भाऊजींनी ताईच्या हातात ठेवले, तिने ते कपाटात टाकले.

आणि भाऊजी सुखी झाले. त्यांना झोप लागायला लागली, अंगावर जरा मांस चढलं, काम करताना ते शीळ घालू लागले. मंडळाचं सोनेरी घड्याळ ते राजरोस मिरवत. मी भेटेल त्याला सांगत होतो की माणूस माझ्यामुळे मार्गाला लागला. पाच महिने वहीचं पान उलटलेलं नाही, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

एका सकाळी मी तिथे असताना शिवणबाई आल्या. ताईला शिवणकाम त्यांनीच शिकवलं होतं, आता दृष्टी गेली तसं कामही गेलं. वहीत पहिला नंबर त्यांचा होता. त्या भरवशावर डॉक्टरीणबाईंनी त्यांचे उरलेले पाच दात काढूनही टाकले होते, त्याला चार महिने होऊन गेले होते. तोंडावर रुमाल धरूनच त्या बोलत होत्या. भाऊजींनी त्यांना आदराने खुर्ची दिली आणि तितक्याच आदराने किंमत सांगितली.

"तुमच्यासाठी थोडं कमी करीन," ते म्हणाले.

"बरं," शिवणबाई म्हणाल्या. मग उगाच थोडा वेळ बसल्या, माझ्या मुलांची चौकशी केली आणि कठड्याला धरून जिना उतरून गेल्या.

भाऊजी परत शीळ घालू लागले. मी त्यांच्याकडे बघतोय हे जाणवून म्हणाले, "आता मी कुणाचं काही देणं लागत नाही बघ. तू म्हणालास ते खरं, फार हलकं वाटतं." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. जगातला कुठलाही कारागीर वागतो तसेच ते वागत होते, आणि तसं त्यांना मी केलं होतं. मला लाज वाटली. शिवणबाईंच्या मागे जाऊन 'पैसे मी भरतो' म्हणावं असं मनात आलं. जिन्याच्या अर्ध्यापर्यंत ते मनात होतं, खाली पोचेपर्यंत राहिलं नाही.

ताईने मधल्या दारातून सगळं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने भाऊजींना चांगला शर्ट घालायला लावला, मलाही बरोबर घेतलं आणि आम्हाला थेट घड्याळांच्या त्या बड्या दुकानापुढे नेऊन उभं केलं. तिच्या पायात घरातल्या चपला होत्या.

"मी सोडलंय ते," भाऊजी दारातच अडून बसले.

"माहीत आहे. म्हणूनच आलोय. चला आत."

पांढरे मोजे घातलेल्या विक्रेत्याने मखमलीचा ट्रे पुढे केला. भाऊजींनी हात पाठीमागे बांधले. विक्रेत्याने एक घड्याळ उलटं केलं, काचेच्या आत चाकं फिरत होती. भाऊजींचा हात शर्टाच्या खिशात गेला आणि त्यातून भिंग निघालं. पाच महिने सगळं सोडलेल्या माणसाच्या इस्त्रीच्या शर्टात ते कसं आलं, हे आम्ही दोघांनीही विचारलं नाही. ते "नको, नको" म्हणत राहिले आणि ताई कपाटातले ते पैसे काउंटरवर ठेवत राहिली.

परतताना बसमध्ये समोरच्या बाकावर एक आजोबा तोंड उघडं टाकून झोपले होते. आत औषधालाही दात नव्हता. भाऊजींनी खिडकीबाहेर बघितलं. मग परत आजोबांकडे बघितलं. मग हातातली नव्या घड्याळाची पिशवी पायांमागे सरकवली. ताईने मला कोपराने ढोसलं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या आधीच मशीन सुरू झालं. पंधरवड्याने शिवणबाई त्याच खुर्चीत बसल्या, रुमाल मांडीवर होता. ताईने त्यांच्यापुढे वाटीभर भाजलेले शेंगदाणे ठेवले. त्यांनी एकेक दाणा उचलून, डोळे मिटून, सावकाश खाल्ला. वाटी संपली. मग त्या भाऊजींना म्हणाल्या, "तुमच्याइतका निर्मळ माणूस मी पाहिला नाही." भाऊजी कानापर्यंत लाल झाले आणि पुढचा जबडा घासायला वळले.

ताईने वही चाळली. "अजून सतरा," ती हळूच म्हणाली. मग नवऱ्याच्या वाकलेल्या पाठीकडे बघून म्हणाली, "एवढं घड्याळ पुरेल."

मी निघालो तशी ती मला सोडायला दारापर्यंत आली.

"तुला कसलीच हौस नाही ना रे? कपडे, घड्याळ, काही?"

"छे," मी नेहमीच्या अभिमानाने म्हटलं. "एकही नाही."

"बघ एखादी," ताई म्हणाली.